कोणाही सायकलस्वारास ही वाट मोकळी

सोमवार, ४ जानेवारी १९७१

संघाचा सेक्रेटरी झालो, तेव्हा काहीतरी लिहून ठेवलं पाहिजे म्हणून ही वही घातली. पुढे कोणी नगर शहराचा इतिहास लिहायला बसला तर त्याची अडचण होऊ नये.

काल आमची सायकलवाट खुली झाली. स्टेशनाच्या बाजूने बाजारात यायला आजवर एकच मोठा रस्ता होता, आणि त्याच्यावर लष्कराचे ट्रक, एस.टी., उसाच्या गाड्या, आता तर निवडणुकीच्या जिपासुद्धा. सायकलवाल्यानं जायचं कुठून, तर गटाराच्या काठानं. काकासाहेबांच्या लाकडाच्या वखारीमागे त्यांची पडीक पट्टी होती, चांगली पाऊण मैल लांब. ती त्यांनी वापरायला दिली. आम्ही वीस-पंचवीस जणांनी चार रविवार खपून मुरूम पसरला, ट्रक-गाडी शिरू नये म्हणून दोन्ही तोंडांना दगडी खांब रोवले, बाजारच्या तोंडाला फाटक बसवलं, आणि 'नगर सायकलस्वार हितवर्धक संघ' जन्माला आला. काकासाहेब अध्यक्ष, कारण जमीन त्यांची. मी सेक्रेटरी, कारण नियम लिहायचे होते आणि कोर्टाबाहेर लिंबाखाली बसून मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो. फाटकाची किल्ली बाबाजान मिस्त्रींकडे. त्यांचं पंक्चरचं दुकान फाटकाला लागूनच आहे.

अकरा नियम लिहिले. त्यातला पहिला असा साधला आहे की तो पेंटरकडून फळ्यावर काढून घेतला : 'कोणाही सायकलस्वारास ही वाट मोकळी राहील.' घरी सौ. चांगुणेला वाचून दाखवला. तिनं विचारलं, कोणाही म्हणजे कुनालाबी का? मी तिला चतुर्थी विभक्ती समजावून सांगितली. ती सातवी फायनल पास आहे, पण सव्वीस वर्षं चुलीपुढे काढल्यावर व्याकरण कुठलं राहायला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं.

शनिवार, ९ जानेवारी

वाट फारच चालते आहे. सकाळी दूधवाले, मग कॉलेजची पोरं, मग कचेरीवाले. दुपारी एक ते तीन वाट बंद. हा माझा सातवा नियम. बाबाजानांचं जेवण-नमाज होतं, काकासाहेबांची वामकुक्षी होते (त्यांच्या घराची मागची खिडकी वाटेवरच उघडते), आणि मीही त्या वेळी घरी जेवून पाऊण तास आडवा होतो. सर्वांच्या सोयीचा असा नियम क्वचित सापडतो.

आज एकच कटकट झाली. गोरक्षनाथ नावाचा दूधवाला चार कॅन लटकवून येतो. त्याचं एक झाकण उडालं आणि काकासाहेबांच्या धोतरावर दूध सांडलं. तो म्हणाला, मालक, दुधाचा डाग शुभ असतो. काकासाहेबांना ते पटलं नाही.

मंगळवार, १२ जानेवारी

अडचण उभी राहिली आहे, आणि ती बाबाजानांच्या घरातूनच.

त्यांची मुलगी जहिरा इथल्या एका प्रसूतिगृहात नर्स आहे. पस्तिशीची असेल. घरोघर बाळंतिणी बघत फिरते, तीही सायकलवर. दुकानातच वाढलेली, त्यामुळे सायकल तिला पाण्यातल्या माशासारखी. आज सकाळी पांढरी साडी, मागे औषधांची पेटी, टुणटुण घंटी वाजवत ती आमच्या वाटेनं सरळ गेली. कॉलेजची पोरंदेखील बाजूला झाली.

काकासाहेबांनी मला वखारीत बोलावून घेतलं. बाई वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. धाकट्या सूनबाईंच्या वेळी तीच आली होती, हात गुणाचा आहे म्हणाले. पण त्यांच्या दोन्ही सुना आणि खुद्द रतनबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, पोळ्या टाकून खिडकीत उभ्या राहिल्या आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हलल्या नाहीत. तव्यावर पोळी जळली. "आज बघतात, उद्या मागतील," काकासाहेब म्हणाले. "काहीतरी बसवा, बोरुडे. पण तिचं नाव नको, आणि बाई हा शब्द नको. लोक नावं ठेवतील."

खरं सांगायचं तर मला आव्हान वाटलं. ज्याला वगळायचं त्याचं नाव न घेता त्याला वगळणं, यात खरी लेखणीची कसोटी. हे बरोबर की चूक, असा विचार मनात आला नाही असं नाही. आला, पण शब्द जुळवायच्या नादात मागे पडला.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. चांगुणेच्या हनुवटीला खरचटलं आहे, गुडघाही धरून चालते. विचारलं तर म्हणाली, ओट्यावरून पडले. आमचा ओटा वीतभर उंच आहे. वय झालं की माणूस कशावरूनही पडतो. तिला हळद लावायला सांगितली.

माझ्या सायकलची सीट दोन बोटं खाली सरकली आहे. वर करून घेतली.

रविवार, १७ जानेवारी

बैठकीत बारावा नियम मंजूर : 'चाकात अडकण्याजोगे पायघोळ वस्त्र परिधान करून वाटेवर सायकल चालवू नये.' हेतू सुरक्षेचा. काकासाहेबांनी माझी पाठ थोपटली. बाबाजान किल्ली पुसत बसले होते. मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, नियम सर्वांना सारखा. ते म्हणाले, "सारखाच लावू ना साहेब?" मी म्हटलं, अर्थात.

सोमवार, १८ जानेवारी

बाबाजानांनी नियम सारखा लावला.

सकाळी साडेआठला त्यांनी दोन पुरोहित अडवले, मग एक मौलवी, मग गाऊन घातलेले एक वकील. नऊ वाजता खुद्द अध्यक्ष. काकासाहेब जन्मात धोतराशिवाय दुसरं काही नेसलेले नाहीत. बाबाजान हात जोडून म्हणाले, माझी नोकरी जाईल मालक, सोगा चाकात जातो. अध्यक्षांना स्वतःच्या जमिनीवरून सायकल हातात धरून पायी जावं लागलं. आणि त्याच वेळी त्यांच्या शेजारून जहिरा गेली. तिनं सलवार घातली होती आणि घोट्याला बापाच्या दुकानातल्या पत्र्याच्या क्लिपा. साडी घडी करून पेटीत.

नियम संध्याकाळी मागे घेतला. कारण म्हणून 'थंडी' असं लिहिलं.

सीट पुन्हा खाली आली आहे. बाबाजानांचा पाना ढिला पडला असावा.

सोमवार, २५ जानेवारी

झालेली गोष्ट लिहायला लाज वाटते, पण वही खोटी ठेवायची नाही.

जहिराची सायकल लेडीज आहे, मधली दांडी नसलेली. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. 'मधल्या दांडीशिवायची सायकल कमकुवत असल्याने वाटेवर आणू नये.' कालच्या बैठकीत एकमतानं पास. काकासाहेबांनीच हात आधी वर केला. पेंटरनं सकाळी सातला फळा रंगवला. आठला काकासाहेब आले ते लेडीज सायकलवर. त्यांचा गुडघा दुखतो, दांडीवरून पाय टाकता येत नाही, म्हणून गेली सहा वर्षं ते हीच सायकल वापरतात. मी रोज बघत होतो. त्यांनी रोज वापरली होती. दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

जहिरा आली ती दुकानातल्या चोवीस इंची जेन्ट्स सायकलवर. फळ्यापाशी थांबून तिनं तो पूर्ण वाचला, मान डोलावली आणि गेली.

हाही नियम काकासाहेबांनी दुपारीच पुसायला लावला. चांगुणेला सांगितलं तर ती पदर तोंडात धरून मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाईमाणसाला अशा गोष्टी मनाला लागतात.

सोमवार, १ फेब्रुवारी

आता मात्र साधलं. 'कॅरियरवर अथवा हँडलला ओझे लावलेली सायकल वाटेवर आणू नये.' काकासाहेब काहीच वाहून नेत नाहीत, त्यांच्यामागे हमाल असतात. जहिराला पेटी सोडता येत नाही. पेटीशिवाय नर्स म्हणजे दौतीशिवाय अर्जनवीस. आज तिला अडवलं. अडवायचं काम बाबाजानांचं. त्यांनी फाटक लावलं आणि तोंड फिरवून एका ट्यूबला रबर घासत बसले. ती सायकल वळवून मोठ्या रस्त्याला लागली.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

नवा नियम दूधवाल्यांना लागला, याचा मी विचार केला नव्हता. ते सगळे आता मोठ्या रस्त्यानं येतात आणि तासभर उशिरा पोचतात. कोर्टाबाहेरच्या हॉटेलात दहापर्यंत काळा चहा. पक्षकार आणि वकील दोघेही माझ्याकडे बघतात.

गोरक्षनाथ लिंबाखाली येऊन उभा राहिला. "सायेब, म्या काय वझं न्हेतो व्हय? दूध न्हेतो. तुमच्या घरातबी त्येच जातं. ह्या वाटंला मुरूम टाकाया चारी आयतवार आमीच हुतो, फोटूत तेवढं न्हवतो."

ते खरं आहे. टोपल्या त्यांनीच उचलल्या होत्या. मी त्याला अर्ज करायला सांगितलं. तो म्हणाला, अर्ज लिहिणारा तूच, घेणारा तूच, मग फाडायचा कुनी? अरे-तुरे केल्याचा मला राग यायला हवा होता.

बुधवार, १० फेब्रुवारी

दुपारी चारला मोठ्या रस्त्याच्या वळणावर एका मालट्रकनं जहिराला घासलं. गटारात पडली. उजवं मनगट मोडलं आहे. पेटी चाकाखाली गेली. ज्या बाळंतिणीकडे ती निघाली होती तिला शेजारच्या बायकांनी सोडवलं, दोघं सुखरूप आहेत.

आज जास्त लिहीत नाही.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

तिला बघायला गेलो. पायरीवर दोनदा थांबलो. आत गेलो तर चुलीपुढे चांगुणा. बाबाजानांच्या घरात साखरेचा डबा कुठे, गाळणं कुठे, सगळं तिला ठाऊक. संकटात बायका लगेच घरच्यासारख्या होतात, हा त्यांचा गुण घेण्यासारखा आहे.

जहिराचा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. चेहरा सुजलेला. मी पेन्सिलीनं चार वाक्यं लिहून नेली होती, ती खिशातच राहिली. तीच बोलली. "तुमच्या फळ्यावरचं मराठी फार चांगलं असतं, बोरुडेभाऊ. मी रोज वाचायची. माझंच आहे ते, हे कळत होतं. पण माझं नाव एकदा तरी घालायचं होतं. मग भांडता आलं असतं."

बाबाजानांनी मला दारापर्यंत सोडलं आणि माझ्या हातात फाटकाची किल्ली दिली. "साहेब, आता दुसरा माणूस बघा. पोरीला त्या रस्त्याला मी पाठवलं. याच हातानं फाटक लावलं."

मी किल्ली घेतली. 

रविवार, १४ फेब्रुवारी

काकासाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, तिन्ही नियम काढू या. पहिले दोन निघालेच आहेत, तिसराही काढू. ते हळहळले, फळांची करंडी पाठवली म्हणाले. पण नियम राहू दे. "वाईट झालं. पण ट्रक काही माझा नव्हता." मी म्हटलं, रस्ता मात्र आपण दाखवला. ते म्हणाले, सर्वसाधारण सभेत बहुमत आणा, मी आडवा येणार नाही. सभासद सत्तर, आणि त्यातले साठ त्यांच्या वखारीवर, पेढीवर किंवा ओसरीवर बसणारे. बहुमत कुठून आणू.

किल्ली परत बाबाजानांना दिली. घेत नव्हते. म्हटलं, एक महिना फक्त. उघडायला तरी ठेवा.

शनिवार, २० फेब्रुवारी

स्वतःचे नियम स्वतः वाचायला बसलो. नियम चौथा : 'जी व्यक्ती सेक्रेटरीसमक्ष फाटकापासून पलीकडच्या खांबापर्यंत जमिनीला पाय न लावता सायकल चालवून दाखवील व सही करील, ती सभासद समजली जाईल.' आणि सभेच्या आदल्या आठवड्यापर्यंत नोंदलेल्या सभासदांना मत. दूधवाल्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं! त्यांना वाटे सभासद म्हणजे टोपी घालून खुर्चीत बसणारे.

गोरक्षनाथला निरोप दिला : रविवार, सात मार्च, सकाळी आठ. किती जण येतील विचारलं. तो म्हणाला, नऊ. नऊनं काय होणार. पण नऊ तर नऊ.

घरी चांगुणेलाही नियम वाचून दाखवला. तिनं 'जी व्यक्ती' हे दोनदा वाचायला लावलं. आवडलेलं दिसलं.

मंगळवार, २ मार्च

चांगुणेच्या लुगड्याला काळ्या तेलाचा पट्टा. बाबाजानांकडे स्वयंपाकाला मदत करते तिथला असणार, मिस्त्रीच्या घरात तेल सगळीकडेच. दुपारी वाटेच्या बाजूनं बायकांच्या हसण्याचा आवाज येतो असं वखारीतले हमाल सांगत होते. मी म्हटलं, एक ते तीन वाट बंद असते, माणूस असणं शक्यच नाही.

सीट आता चार बोटं खाली. मी वर करायचं सोडून दिलं आहे. गुडघे हँडलला लागतात, पण रोज कोण पाना शोधणार.

रविवार, ७ मार्च

शक्य तितकं क्रमानं लिहितो.

आठला फाटकाशी टेबल मांडून बसलो. नऊ दूधवाले आले, कॅन न लावता. नऊही पास. गोरक्षनाथनं तर हात सोडून चालवून दाखवली, मी समज दिली.

मग जहिरा आली. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातानं हँडल. फाटकापासून खांबापर्यंत एकदाही डुगडुगली नाही. सही डाव्या हातानं केली.

मी वही मिटणार तोच तिच्यामागून बायका येऊ लागल्या. भाजी विकणाऱ्या दोघी, कॉलेजच्या तीन मुली, एक मास्तरीणबाई, प्रसूतिगृहातल्या आया. कोणी बापाची सायकल आणली होती, कोणी भावाची, आणि चौघींत मिळून एक अशीही. सगळ्या एकाच पद्धतीनं उजव्या पायानं टांग मारत होत्या, म्हणजे एकाच गुरूच्या. मी खाली मान घालून नावं लिहीत होतो. कोणीतरी बाबाजानांकडे पाना मागितला. बघतो तर माझी सायकल, दुकानाला टेकवून ठेवलेली, आणि तिची सीट आणखी खाली करणारी चांगुणा.

तिनं सीट दाबून पाहिली. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी सेक्रेटरी असल्यामुळे विचारावं लागलं. "नाव?"

"चांगुणा रंगनाथ बोरुडे," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, तेही चारचौघांत.

ती गेली. पहिल्या दहा हातांत हँडल इकडून तिकडे झालं, मग सरळ झालं. खांबाला वळसा घालून परत आली, तेव्हा तिचा श्वास फुललेला आणि हनुवटी वर. तिचा पाय जमिनीला लागला की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. बाबाजानांना विचारलं. ते म्हणाले, साहेब, मी तर तुमच्याकडंच बघत होतो.

पास लिहिलं. 

हे संपतं न संपतं तोच काकासाहेबांच्या मागच्या दारातून त्यांच्या दोन्ही सुना बाहेर पडल्या आणि त्यांच्यामागून रतनबाई, वय वर्षं पंचावन्न, हातात काकासाहेबांची लेडीज सायकल. सुना पास झाल्या. रतनबाई पलीकडच्या खांबावर आदळल्या, उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, हे धरू नका, मी पुन्हा येते. दुसऱ्या वेळी पास.

खिडकीत काकासाहेब उभे होते. घरात कुठेतरी पोळी जळल्याचा वास येत होता. आज टाकायला कोण होतं कोण जाणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

विचारलं चांगुणेला. सगळं सांगितलं तिनं, भाकरी थापता थापता. जहिरा वाटेवरून गेली त्याच दिवशी ती तिच्याकडे गेली, मला शिकव म्हणाली. दुपारी मी झोपलो की सायकल घ्यायची, मी उठायच्या आत आणून ठेवायची. मग हळूहळू बाकीच्या आल्या. हात मोडल्यावर जहिरा कट्ट्यावर बसून ओरडून शिकवायची. आणि कारणही होतं. स्टेशनाकडे महिला मंडळाची बालवाडी पाडव्यानंतर सुरू होते आहे, तिथे सातवी पास बाई हवी आहे. मोठ्या रस्त्यानं तीन मैल चालत कोण जाणार, वाटेनं सायकलवर वीस मिनिटं.

मला का नाही सांगितलं, म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, अर्ज लिहून दे."

मी तसंच म्हटलं असतं. तेच वाईट.

बुधवार, १० मार्च

काकासाहेबांनी हरकत घेतली आहे : नियमात बायकांचा उल्लेख नाही, सबब त्या सभासद होऊ शकत नाहीत. मी लेखी उत्तर दिलं. 'नियमात "जी व्यक्ती" असा शब्दप्रयोग असून व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी आहे. हरकत ग्राह्य धरल्यास शब्दाच्या लिंगाप्रमाणे पुरुषांचेच सभासदत्व रद्द करणे भाग पडेल. अध्यक्षांनी विचार करावा.' बावीस वर्षांत हजारो अर्ज लिहिले असतील, इतकं समाधान एकाही अर्जानं दिलं नाही.

रविवार, १४ मार्च

सर्वसाधारण सभा वखारीच्या आवारात. ओंडक्यांवर बसून. जुने सत्तर, नवे तीस. ओझ्याचा नियम रद्द व्हावा असा ठराव मी मांडला. बोलायचं चार मिनिटं ठरवलं होतं, पण उभा राहिल्यावर एवढंच बोललो, की हे तीन नियम मी लिहिले, ते कोणासाठी लिहिले हे मला माहीत होतं, आणि त्यांचं नाव जहिरा बाबाजान आहे. खाली बसलो. जहिरानं माझ्याकडे पाहिलं नाही, प्लॅस्टरवरचा दोरा ओढत बसली.

नव्यांचे तीस हात वर झाले. मग जुन्यांतले कॉलेजवाले, कोर्टातले चहा पिणारे, वकील. वखारीतल्या हमालांनी काकासाहेबांकडे पाहिलं, मग रतनबाईंकडे पाहिलं, आणि हात वर केले. ठरावाच्या बाजूनं अठ्ठावन्न. काकासाहेब उठले, म्हणाले ठराव मान्य, पण जमीन माझी आहे, आणि घरात गेले.

सोमवार, १५ मार्च

दोन्ही तोंडांना साखळी आणि कुलूप. सगळे मोठ्या रस्त्यानं. मी जमीन कायमची लिहून घेतली नव्हती. अर्जनवीस म्हणवतो स्वतःला.

मंगळवार, १६ मार्च

गोरक्षनाथनं सांगितलं, लांबून यावं लागतं, तेव्हा वखारीकडची घरं आता शेवटी पडतात. दूध उरलं तर पोचेल.

बुधवार, १७ मार्च

काकासाहेबांनी बोलावलं होतं. चहा काळा होता. पोळ्या बाजारातल्या हॉटेलातून आल्या होत्या. दोन्ही सुना माहेरी, एक राहुरीला, एक बेलापूरला. रतनबाई सोप्यावर बसून सायकलची चेन पुसत होत्या. काकासाहेबांनी मला विचारलं, यातून काही कायदेशीर मार्ग निघतो का. मी म्हटलं, मला सुचत नाही. खरोखरच सुचत नव्हतं. रतनबाई चेन पुसतच म्हणाल्या, "कुलपाला किल्ली असते म्हणतात." काकासाहेबांनी काळा चहा एका घोटात संपवला.

गुरुवार, १८ मार्च

सकाळी साखळ्या नाहीत. काकासाहेब फाटकापाशी भेटले. म्हणाले, कुलपं गंजली होती, काढून टाकली. तीन दिवसांपूर्वीची नवी कोरी कुलपं. मी म्हटलं, यंदा हवाच तशी आहे. ते हो म्हणाले. मग जमिनीचा कागद पक्का करून घ्यावा, असं त्यांनीच सुचवलं. आजच लिहिला. यावेळी एकच वाक्य लिहिलं, आणि सह्या होण्याआधी जहिराला वाचून दाखवलं. तिनं त्यातले दोन शब्द खोडायला लावले. बरोबर होतं तिचं.

तिच्या हाताचं प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात निघणार. मनगट पूर्ण वळेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तिनं मला माफ केलं आहे की नाही, हेही मी विचारलेलं नाही. रोज नमस्कार करते.

सोमवार, २९ मार्च

चांगुणेच्या बालवाडीचा पहिला दिवस. बाबाजानांनी तिला जुनी सायकल जोडून दिली आहे. मला आज स्टेशनाकडे एका पक्षकाराचं काम होतं, म्हणून मी जरा आधीच घरून निघालो. वाटेच्या मध्यावर मागून घंटी वाजली. कोणी दूधवाला असेल म्हणून मी न बघताच डावीकडे झालो.

चांगुणा शेजारून निघून गेली. थांबली नाही, वळून पाहिलं नाही. हँडलला डबा, कॅरियरवर मुलांच्या चित्रांची गुंडाळी.

लग्न झाल्यापासून ती माझ्यामागून चालत आली आहे. बाजारात, देवळात, लेकीला सासरी पोचवायला सोनईला गेलो तेव्हासुद्धा. चार पावलं मागे. त्यामुळे तिची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. ताठ आहे, आणि डाव्या खांद्याशी थोडी वर उचललेली. घाईत असल्यासारखी.

मी जोरानं पायडल मारून पाहिलं. खांब आला, तरी तिला गाठता आलं नाही.